मफिनच्या आजारपणाचं आगाऊ जेवण

...नाही, मला एक सांगा, ज्या कुत्र्याला साधी शिंकसुद्धा आलेली नाही, त्याच्या आजारपणाच्या बिलाची तजवीज कोण करतं हो? आम्ही! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली, मागे चाळीस पोरं बोंबलत असायची, पण माझं डोकं कधी फिरलं नाही. ते फिरवलं लॉर्नाने, म्हणजे आमच्या बायकोने, आणि मफिनने, म्हणजे आमच्या कुत्र्याने. नावावर जाऊ नका! बत्तीस किलोचा, बासेट जातीचा कुत्रा आहे. कान जमिनीवर, पोट जमिनीवर, आणि डोळे असे की बघणाऱ्याला वाटावं, या म्हाताऱ्याने ह्याला आठवडाभर उपाशी ठेवलंय!

झालं काय, शेजारच्या डोरीनच्या मांजराचं ऑपरेशन झालं आणि बिल आलं बावीसशे डॉलर. मांजराचं! लॉर्ना ते ऐकून आली ती वही घेऊनच बसली. "वेंडेल, आपण आत्ताच सोय करून ठेवायची. म्हणजे कसं, आयत्या वेळी धावपळ नको!"

आधी विमा. विम्याच्या बाईने फोनवर विचारलं, "कुत्र्याने कधी खाण्याजोगं नसलेलं काही गिळलंय का?" आता अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? 'छे!' म्हणेल. आमची म्हणाली, "थांबा हं, यादी आहे." यादी!! मोजे सात, टीव्हीचा रिमोट, ख्रिसमसच्या देखाव्यातली दोन मेंढरं आणि एक राजा... राजा परत मिळाला, पण देखाव्यात ठेवण्यासारखा राहिला नाही. बाई म्हणाल्या, "मग पोटाचं काही झालं तर आम्ही पैसे देणार नाही." अहो, बासेटला पोटाशिवाय असतं काय?

मग डबा. कॉफीचा रिकामा डबा फ्रिजवर, दर शुक्रवारी त्यात वीस डॉलर. नोव्हेंबरात गीझर फुटला, डबा रिकामा. पुन्हा भरला, तर फेब्रुवारीत गाडीचा सायलेन्सर रस्त्यात पडला, डबा रिकामा! कुत्र्याच्या पैशांवर सगळं घर चाललं होतं, आणि तो गाढ झोपलेला.

आता आमच्या पाइन फोर्क गावात कसं आहे, कुणी आजारी पडलं की आगीच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये स्पगेटी आणि मीटबॉलचं, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचं, जेवण ठेवतात. दहा डॉलरला ताट, जमतील ते पैसे दवाखान्याच्या बिलाला. सगळा गाव येतो. लॉर्ना म्हणाली, "लोक आजारी पडल्यावर जेवण ठेवतात, आपण आधीच ठेवू!"

"अगं, पण तो ठणठणीत आहे!"

"म्हणूनच! आयत्या वेळी धावपळ नको!"

आणि डोरीनने पोस्टर लावलं. 'आपल्या मफिनच्या उपचारांसाठी'. वर त्याचा फोटो. ते डोळे! पोस्ट ऑफिसात बायका पदराला... पदर कुठला, स्वेटरच्या बाहीला डोळे पुसत होत्या हो!

शनिवारी पाच वाजता हॉल गच्च. लॉर्नाने मफिनला पोरांच्या खेळण्यातल्या, ओढायच्या लाल गाड्यात बसवलं, अंगावर शाल. मीटबॉलचा वास आला मात्र, शालीसकट उडी मारून हा स्वयंपाकघराकडे! मला वाटलं, संपलं, आता गाव आपल्याला मारणार. तर मागून कुणीतरी हुंदका देऊन म्हणालं, "शेवटची ताकद लावतोय बिचारा..."

ग्लॅडिस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, माझे दोन्ही हात धरून म्हणते, "वेंडेल, किती दिवस सांगितलेत?"

मी म्हटलं, "दिवस कसले? काही नाही!"

"अरे देवा! दिवससुद्धा नाहीत?"

शेवटी मला राहवेना. उभा राहिलो, माइक घेतला आणि सरळ सांगून टाकलं, "हे बघा, मफिनला काहीही झालेलं नाही!" मग अख्खा गाव उभा राहून टाळ्या! "काय धीराचा माणूस आहे!" "मनाला पटत नाहीये हो त्याच्या!" आणखी तीन जणांनी ताटं घेतली. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, जो तो टेबलाखाली हात घालत होता. शेवटची इच्छा म्हणून एक मीटबॉल... प्रत्येकाचा फक्त एकच!

रविवारी सकाळी मफिन उठेना. हाक मारली, शेपूट हलेना. चीज दाखवलं... चीज! नुसतं बघितलं आणि डोळे मिटले. लॉर्नाने शाल गुंडाळली, मी बत्तीस किलो उचलले, आणि तालुक्याच्या, जनावरांच्या तातडीच्या दवाखान्यापर्यंत रडत गाडी चालवली. हो, रडलो. त्याच्याशिवाय त्या घरात माझं ऐकून घेणारं आहे कोण?

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "काल काय खाल्लं याने?"

"मीटबॉल."

"कांदा घातलेले? कांदा कुत्र्यांना बाधतो! किती खाल्ले?"

लॉर्ना बोटं मोजायला लागली, दोन्ही हातांची संपली. "कुणी घातले एवढे?" तर मागून त्यांचीच काउंटरवरची मुलगी हळूच दोन बोटं वर करून म्हणते, "दोन माझे. मी पोस्टर पाहिलं होतं..."

दोन दिवस सलाईन. मंगळवारी पठ्ठ्या उठला, आणि उठल्याउठल्या नर्सचा मोजा पळवला. बिल अठराशे बासष्ट डॉलर. जेवणाचे जमले होते अठराशे चाळीस. लॉर्ना माझ्याकडे अशी बघते, जणू आत्ताच निवडणूक जिंकली. "बघितलंस? करावी लागली का धावपळ?" अहो बाई, जेवण ठेवलंच नसतं तर हा आजारीच पडला नसता!

गावाला वाटतं चमत्कार झाला. ग्लॅडिस म्हणते, प्रार्थनेने वाचला. मफिन आता पोस्ट ऑफिससमोरून जातो तो मान वर करून. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

काल बघतो तर लॉर्ना फोनवर, बंबखान्याचा हॉल पुन्हा बुक करतेय. म्हटलं, "आता काय त्याला?"

म्हणाली, "त्याला काही नाही रे. तुझं आपलं वय झालं ना... आयत्या वेळी धावपळ नको!"

माझा फोटोसुद्धा काढून झालाय, मफिनसारखे डोळे करायला लावून. एकवीस तारीख, पाच वाजता, दहा डॉलर ताट. सगळ्यांनी यायचं. फक्त हात जोडून सांगतो, मला कुणी मीटबॉल भरवू नका!