आईची बोलणी थेट लडाखला

अहो, माझा धाकटा भाऊ संजय लडाखला तैनात आहे ना, त्याला मध्यंतरी घरची फार आठवण यायची. जेवणच जाईना. म्हणून आईने इथून, सिल्वासाहून, आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. गोड बोलायला बसली आणि सवयीने सुटली, "अंघोळ केलीस का? नुसता लोळत पडतोस, मेल्या!"

संजयने ते बराकीत मोठ्याने लावलं. निम्म्यांना मराठी कळत नव्हतं, तरी बाहेर बर्फ असताना सगळे मुकाट्याने अंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी खुद्द साहेबांचा फोन आला. मोडक्या मराठीत म्हणाले, "माताजी, मलापण थोडं रागवा."

आई गांगरली. "पण साहेब, तुमची चूक काय?"

"तुम्ही सुरू करा, माताजी. चूक मी नंतर करतो."