डाव्या हातानं लिहिलेले कागद

हॅलो?

हॅलो… कोण? अगं, तूच होय! आवाज असा काय येतोय, विहिरीतून बोलल्यासारखा? … मोठ्यानं बोल की जरा. … का नाही बोलता येत?

बरं, बरं. कुजबुजच कर. ग्रंथपाल बाई तुम्ही, फोनवरसुद्धा ग्रंथालयात असल्यासारख्याच बोलणार.

पाय? आहे तसाच. समोरच्या खुर्चीवर ठेवलाय, पाहुण्यासारखा. प्लास्टरच्या आत खाज सुटली की लेकीची पट्टी घालून खाजवते, दुसरं काय करणार! अजून पाच आठवडे म्हणालेत डॉक्टर. … एवढं विचारायला फोन केलास? शाळा सुटून तासभर झाला, घरी का गेली नाहीस तू?

काय? कसला गठ्ठा?

माझ्या नववीचा? शनिवारच्या तासाला लिहून घेतले ते कागद? ते तर मोठ्या बाईंच्या कपाटात… कुणाला दिले?

खेळाच्या सरांना?

थांब, थांब. नीट सांग. मुख्याध्यापिकेनं स्वतःच्या हातानं… खुलासा? म्हणजे पोरींनी ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्यालाच वाचायला दिलं आणि वर सांगितलं, खुलासा लिहून आणा? … पद्धत आहे म्हणाल्या. हो का! वर्गातला फळा काळा करून द्यायला आठ महिने लागतात ह्या बाईंना, आणि ही पद्धत बरी पाच दिवसांत आठवली!

नाही गं, घाबरले नाहीये. चिडलेय. घाबरायचं काय त्यात? नाव आहे का एकावर तरी? … नसणारच. डोळ्यात तेल घालून केलंय मी ते. सगळ्यांना एकसारखे कागद, एकसारख्या पेन्सिली. आणि लिहायचं कसं, तर डाव्या हातानं! म्हणजे अक्षर ओळखायचा प्रश्नच नाही. … हो, दोघं डावखुरे आहेत, त्यांना उजव्यानं लिहायला लावलं. हसतेस काय! अगं, ज्याचं त्याला वाचता येईना. इतका हसलाय वर्ग माझा त्या दिवशी. 'शाळेत मुलगी म्हणून किंवा मुलगा म्हणून मला काय सोसावं लागतं', एवढा एकच प्रश्न होता. आणि तो तास त्यांनीच मागितला होता, मी लादला नव्हता.

मोठ्या बाईंकडे नेऊन देण्याआधी तू वाचलेस ना सगळे? … तो एक मुलगा, 'मी रडलो की मला मुलगी म्हणतात, म्हणून मी संडासात जाऊन रडतो.' वाचताना मलाच भरून आलं गं. आणि ती दुसरी, 'पाहुणे आले की चहाचे ट्रे आम्हीच का न्यायचे? मुलांचे हात काय लोण्याचे आहेत?' … हो, हो… अगं, ऐक ना, सोमवारी माहितीये काय झालं? मुलांनी आपण होऊन वर्ग झाडला. वाकडातिकडा झाडला, पण झाडला! आणि त्याच संध्याकाळी मी जिन्यावरून गडगडले. नजर लागली म्हण.

तेव्हा वाचू दे त्याला. अकरा जणींनी त्याच्यावर लिहिलंय, एकदा कळू दे की पोरींची वजनं सगळ्या मुलांसमोर ओरडून वाचली, वर त्यावर विनोद केले, की त्यांना काय वाटतं. नाव शोधत बसेल, मिळणार नाही. बसू दे.

काय आहे त्याच्यासमोर? … हजेरीपट? माझ्या वर्गाचा?

तो कशाला लागतो त्याला? … शिक्षकांच्या खोलीच्या काचेतून दिसतंय ना तुला? मग सांग, नेमकं काय करतोय. … कागद उलटतो. मग हजेरीपटावर बोट. मग परत कागद. … अगं, अक्षर जुळवत बसला असेल! वेडाच आहे. हजेरीपटात मुलांचं अक्षर कुठून येणार? हजेरी मी भरते. त्यात नुसती नावं आणि क्रमांक…

ए.

एक मिनिट थांब.

नाही, मी नाही गोळा केले कागद. मी फळा पुसत होते. मॉनिटर उठली आणि तिनं… नेहमीसारखे… हजेरी क्रमांकानं. अगं, क्रमांकानं लावून दिले तिनं! तीन वर्षं मीच सवय लावलीये. वह्या क्रमांकानं लावलेल्या नसल्या तर मी हात लावत नाही, अख्खा गठ्ठा परत पाठवते. ती पोरगी काय करणार?

नाही, पण तिघं गैरहजर होते. तिथून पुढचे सगळे सरकले असणार ना? चुकेल तो. पहिल्या गैरहजर मुलापासूनच चुकेल, आणि मग…

कोरे घातले मी.

तीन कोरे कागद. त्या तिघांच्या जागी. बेचाळीस भरावेत म्हणून. … कशाला म्हणून काय विचारतेस? वीस वर्षं झाली, हात आपले आपण चालतात.

तू वाचलेस तेव्हा विस्कटले असतील. सांग ना, विस्कटले असतील थोडे तरी. एखादा मागचा पुढे… काय केलंस? … कोपऱ्यात नंबर टाकलेस? एक ते बेचाळीस?

का गं?

हो. हो, माहितीये. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर. … रडू नकोस. तुझं काही चुकलं नाही. तुझी शिस्त आणि माझी शिस्त, दोघींनी मिळून त्याला यादीच करून दिली आयती. माझ्या पायावर धोंडा पडला असता तर चाललं असतं गं, एक पाय मोडलेलाच आहे. हा मी त्या पोरींच्या पायावर पाडला.

एकोणतीस नंबर बघितला असेल का त्यानं?

अगं, गोलकी. माझी गोलकी, फुटबॉलमध्ये गोल अडवते ती. … हो, तोच कागद. माझा तर पाठ झालाय. 'सर म्हणतात, वजनाच्या विनोदावर हसली नाहीस तर संघात ठेवणार नाही. आणि बाहेर बोललीस तर तुझ्या वडिलांना फोन करीन, तुमची मुलगी मैदानावर मुलांशी काय काय बोलते ते सांगीन.'

आणि वडील कसे आहेत ठाऊक आहे ना? पालकसभेला माझ्यासमोर बसून म्हणाले, 'बाई, मुलीबद्दल एक वाकडा शब्द कानावर आला, की त्या दिवशी तिची शाळा बंद.' हात जोडून म्हणाले गं. अगदी नम्रपणे. तेव्हापासून मला त्या माणसाची भीती वाटते. आणि मी वर्गात काय सांगितलं? लिहा बिनधास्त, मी आहे ना. मी आहे! ही अशी, खुर्चीवर पाय टाकून.

फोन? कुणाला लावतोय?

घरचे नंबर आहेत हजेरीपटाच्या शेवटी. मीच लिहिलेत. चांगले मोठ्या अक्षरात. … कितवा फोन हा? … तिसरा! काय बोलतोय, ऐक. दार थोडं ढकल. … 'आपल्या हितासाठी सांगतोय.' … 'हे वयच असं असतं.' … बास. कळलं मला.

मोठ्या बाईंना बोलाव. … घरी गेल्या? गठ्ठा त्याच्या हातात ठेवून घरी गेल्या?

मग तू जा. हजेरीपट माग. वर्गशिक्षिकेनं मागितलाय म्हणून सांग. … माहितीये मला तुझी नोकरी कच्ची आहे. दरवर्षी सही लागते, माहितीये. पण मी तिसऱ्या मजल्यावर आहे, मांडीपर्यंत प्लास्टर आहे, मी उतरणार कशी आणि पोचणार कधी?

बरं, ते राहू दे. गोलकी कुठंय? सराव चालू असेल अजून. खिडकीतून बघ. … आहे? मग हाक मार तिला. मागच्या फाटकातून बाहेर काढ. घरी नको पाठवूस, इकडे पाठव, माझ्याकडे. तोवर मी तिच्या वडिलांचा नंबर कुठून तरी… माझ्याकडे नाही गं, त्या हजेरीपटातच आहे.

का थांबलीस? हॅलो?

कोण आलंय? … हातात हेल्मेट? उंच, जरा पुढे वाकून चालतात? … फाटकातल्या शिपायालासुद्धा नमस्कार केला?

अगं, तेच तिचे वडील.

म्हणजे पहिला फोन तिच्याच घरी झाला. बाकीचे मागून. तू कागदांवर नंबर टाकलेस, पण त्यानं सुरुवात कुठून करायची ते आधीच ठरवलं होतं.

कुठे चाललेत? … शिक्षकांच्या खोलीत. आणि सर? … मैदानावरून तिला बोलावून घेतलं? आली ती? … धावत आली. तिला वाटलं असेल, संघाची यादी लागली.

ऐक माझं. फोन घेऊन आत जा. हो, तूच. मला त्या माणसाशी बोलायचंय. … अगं, काय नोकरी नोकरी लावलंयस! … माफ कर. माफ कर मला, मी असं बोलायला नको होतं. पण जा. तू नुसता फोन दे, बाकी मी बघते. … जातेयस? … हं. बंद करू नकोस, चालू राहू दे.

हॅलो?

हॅलो, कोण बोलतंय?

सर. नमस्कार.

हो, बरा आहे पाय. … नाही, ग्रंथपाल बाईंचा काही संबंध नाही, मीच त्यांना फोन केला होता. … त्यांना जाऊ दे ना घरी.

सर, ते कागद मुलांनी माझ्यासाठी लिहिलेत. … हो. आता तुमच्याकडे आहेत. तेही खरंच.

काय लिहून देऊ? … मी सांगितलं तसं मुलांनी लिहिलं. शब्द माझे. … मग काय होईल? … बाकीच्या आठ घरी फोन जाणार नाहीत. आणि हिच्या वडिलांना काय सांगणार तुम्ही? … मी सांगायचं? आत्ता?

सर, ते तिची शाळा बंद करतील. तुम्हाला माहितीये. … माहितीये म्हणूनच बोलावलंत. बरोबर आहे. मीच उशिरा ओळखलं तुम्हाला.

द्या फोन त्यांच्याकडे.

नमस्कार. मी तिची वर्गशिक्षिका बोलतेय. … हो, येता येत नाही मला. … हो, कागद तिच्या नंबरचा आहे. पण आधी माझं ऐकून घ्या. … नाही, तिनं मनानं लिहिलेलं नाही काही. मी लिहायला लावलं. वाक्यं माझी होती, फळ्यावर लिहून दिली, तिनं उतरवली. … नाही हो, मुलांशी कसली बोलतेय! गोल अडवते आणि घरी येते, एवढंच करते ती.

सर? … सर तिला तसं काही म्हणालेले नाहीत.

हो. खोटं आहे ते.

हो, खोटं माझं. माझी चूक. मला काय बोलायचं ते बोला, मोठ्या बाईंकडे तक्रार करा माझी, पण तिला काही बोलू नका. हुशार पोरगी आहे. शाळा बंद करू नका तिची, मी हात जोडते.

माझा आवाज असा घुमतोय का?

स्पीकर लावलाय का? … कधीपासून? … ती तिथेच उभी आहे? हे सगळं ऐकलं तिनं?

बाळा…

काय म्हणालीस?

नको. तू बोलू नकोस. मी सांगितलंय ना सगळं, मिटलं ते. … हो, बोलले मी खोटं. तुझ्यासाठीच बोलले गं, वेडे. गप्प राहा. … नको ना, ते वजनाचं बाबांसमोर नको सांगूस. … अगं, नको…

सर, तुम्ही मध्ये बोलू नका. बोलू द्या तिला! … ओरडू नका तिच्यावर. मी ऐकतेय इथे, आणि ग्रंथपाल बाई उभ्या आहेत तिथे. बोल बाळा. बोल तू. मी आहे. … हं. … हं. … सगळं सांग.

अहो, ऐकताय ना तुम्ही तिचं? एकेक शब्द खरा आहे तिचा. फळ्यावर काही लिहिलं नव्हतं मी. आत्ता खोटं बोलले ती मी. तुमच्या भीतीनं बोलले. ती नाही बोलली, बघा. एवढी पोर, आणि तुमच्या दोघांच्या समोर उभी राहून…

काय म्हणालात?

कुणाला सांगताय? … हातमोजे कशाला काढायचे तिनं?

टेबलावर कशाला ठेवायचे? उद्या लागणार आहेत तिला ते. परवा सामना आहे. … अहो, थांबा. दोन मिनिटं बसा. तिला दप्तर आणायला का सांगताय? … बाळा, तू जाऊ नकोस… ग्रंथपाल बाई, दारात उभी राहा गं तू! हॅलो? … अहो…

हॅलो?

हॅलो?