हवालदारसाहेबांसाठी आणलेला निरोप

मंगलाताई, भोसलेसाहेब, हॉस्पिटलमधून आलेल्या सिस्टर आणि जवान मंडळी, आणि आर. के. पुरममधले माझे सगळे काका-काकू,

आज हा छोटा हॉल भरून माणसं बाहेर जिन्यात उभी आहेत. गुरवकाकांच्या शोकसभेला इतकी माणसं आली. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे इथे पुष्कळ आहेत. मला बोलायला उभं करू नका, असं मी मंगलाताईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं कसं सुधीर, बाबा तुमच्या अण्णांचं नाव सारखं काढायचे. तुम्ही बोलायलाच हवं."

म्हणून उभा आहे. पण मंगलाताई, तुम्ही ज्याला बोलायला सांगितलंत तो माणूस कोण आहे, ते तुम्हाला माहीत नाही. ते आधी सांगतो. मध्ये थांबलो तर पुढे बोलवणार नाही, तेव्हा सलग सांगू द्या.

काका फौजेत धर्मशिक्षक होते. पलटणीच्या देवळात पूजा करायची, जवानांच्या सुखदुःखात उभं राहायचं, हे त्यांचं काम. जवान त्यांना पंडितजी म्हणायचे. निवृत्त होऊन ते इथे दिल्लीत मुलीकडे राहायला आले, आणि महिन्याभरात त्यांनी माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात जायची परवानगी काढली. रोज दुपारी बसने जायचे, संध्याकाळी परत. कोणी पगार देत नव्हतं, कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिथे जाऊन काय करायचे? मला वाटायचं पोथी वाचत असतील. पोथी त्यांच्या पिशवीत असायची, पण कोणी मागितल्याशिवाय बाहेर निघायची नाही. आधी निघायचं ते नेलकटर. म्हाताऱ्या सैनिकांच्या हातापायाची नखं ते कापायचे. नखं कापायला वेळ लागतो. हात हातात घ्यावा लागतो. तेवढ्यात माणूस बोलायला लागतो. मेवातचे एक शिपाई होते, त्यांना शेवटी कलमा ऐकायचा होता. काका उन्हात जाऊन मौलवींना घेऊन आले, आणि स्वतः दाराबाहेर उभे राहिले. आत का गेला नाहीत, असं कोणी विचारलं, तर म्हणाले, "माझं काम बोलावून आणायचं होतं, ते झालं."

माझे वडील, हवालदार रामचंद्र मोरे. तुम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणून ओळखता. फौजेतून आल्यावर त्यांनी इथेच एका सरकारी ऑफिसात दफ्तरीची नोकरी केली. इथल्या क्वार्टरमध्ये मी वाढलो, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, शिकून एका परदेशी कंपनीत लागलो. गुडगावात तेव्हा शेतांमध्ये नुकत्याच उंच इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत सातव्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला आणि अण्णांना तिकडे नेलं. त्यांना तिथे करमलं नाही. लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही, एवढंच ते म्हणायचे.

मग त्यांचं छातीचं दुखणं बळावलं. त्यांना हॉस्पिटलात ठेवलं, आणि तिथे त्यांना गुरवकाका भेटले. मी रोज ऑफिसातून जाता-येता वीस मिनिटं डोकावायचो. डॉक्टरांशी बोलायचो, फळं ठेवायचो. अण्णा घड्याळाकडे बघत असायचे. मला वाटायचं, मी उशिरा आलो म्हणून बघतायत. ते काकांची वाट बघत असायचे.

एका संध्याकाळी माझे बॉस म्हणाले, तुमच्या वडिलांना भेटायला येतो. मोठा माणूस, नुकताच परदेशातून आलेला. मला फार बरं वाटलं. वडील फौजी आहेत, हे मी ऑफिसात अभिमानाने सांगितलेलं होतं. आम्ही दोघं वॉर्डाच्या दारात पोचलो, आणि बघतो तर अण्णा रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. लहान मुलासारखं तोंड वाकडं करून, मोठ्याने रडत होते, आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते, "आलोच म्हणालो होतो मी. आलोच म्हणालो होतो." काका खाली स्टुलावर बसले होते, अण्णांचा पाय मांडीवर घेऊन.

बॉस दारातूनच मागे सरकले. "आपण नंतर येऊ," म्हणाले.

मला काय वाटलं, सांगू? दया नाही वाटली. काळजी नाही वाटली. लाज वाटली. माझ्या साहेबासमोर माझे वडील रडले, याची लाज. मी आत जाऊन काकांना हिंदीत म्हणालो, "आप कौन हैं? इनको क्यों रुला रहे हैं?" मराठी माणसाशी हिंदीत बोललो, म्हणजे अंतर राहील. ते उठले, अण्णांचा पाय हळूच पलंगावर ठेवला, आणि मराठीत म्हणाले, "मी रडवत नाही हो. ते बरीच वर्षं थांबले होते."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या लेटरहेडवर तक्रार टाईप करून घेतली. एक बाहेरचा इसम धर्माच्या नावाखाली आजारी रुग्णांना मानसिक त्रास देतो, असं लिहिलं. खाली सही केली, हुद्दा लिहिला. हॉस्पिटलवाल्यांनी नियमाप्रमाणे केलं, त्यांचा दोष नाही. चौकशी होईपर्यंत पंडितजींनी वॉर्डात येऊ नये, असं ठरलं.

मंगलाताई, त्या वेळी काका तीन महिने घरी बसले होते. कोणीतरी तक्रार केली म्हणून तुम्ही फार चिडला होतात. कोणी केली, ते त्यांनी तुम्हालाही सांगितलं नाही. तो मी होतो.

अण्णांनी मला विचारलं, "गुरव का येत नाहीत?" मी म्हणालो, गावाला गेलेत. रोज विचारायचे, मी रोज तेच सांगायचो. हळूहळू त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरले.

नवव्या दिवशी काका मला हॉस्पिटलच्या फाटकावर भेटले. कपडे धुळीने भरलेले, हातात प्रवासाची पिशवी. ते खरोखरच महाराष्ट्रात जाऊन आले होते, तडक स्टेशनवरून आले होते. म्हणाले, "सुधीरराव, मला पाच मिनिटं आत न्या. हवालदारसाहेबांसाठी निरोप आणलाय."

मी म्हणालो, "मला सांगा, मी सांगतो."

"नाही हो. त्यांचा आहे, त्यांनाच सांगायला हवा. तुम्ही नुसतं म्हणा की हे माझ्याबरोबर आहेत. मग सोडतील."

एवढंच म्हणायचं होतं. हे माझ्याबरोबर आहेत. पण असं म्हटलं असतं, तर मी दिलेली तक्रार खोटी ठरली असती. मी घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणालो, "आज मीटिंग आहे. उद्या बघू."

ते म्हणाले, "उद्या मी इथेच थांबतो."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या फाटकाने गेलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले. मी पोचलो तेव्हा सिस्टरने चादर ओढलेली होती. एक हात बाहेर राहिला होता. नखं वाढलेली होती. मला ती कापायचं सुचलं नव्हतं.

काका स्मशानात आले होते. लांब उभे राहिले. तेराव्यानंतर ते गुडगावला माझ्या इमारतीपर्यंत आले. दोन बस बदलून, आणि पुढे चालत. गार्डने इंटरकॉमवर सांगितलं, "साहब, कोई बुज़ुर्ग हैं, पंडितजी बता रहे हैं." मी म्हणालो, "बोल दो, घर पे नहीं हैं." आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. उन्हात त्या अर्धवट रस्त्याने ते परत गेले. मध्ये एकदा विटांच्या ढिगावर बसले. मी सातव्या मजल्यावरून बघत होतो. पाण्याचा ग्लास घेऊन खाली जायला मला दोन मिनिटं लागली असती. मी गेलो नाही.

पुढे पेशंट लोकांनीच अर्ज केला आणि काकांना पुन्हा वॉर्डात जाऊ दिलं. माझी तक्रार मी मागे घेतली नाही. त्यांनीही कधी घ्यायला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात कळलं, काका स्वतःच हॉस्पिटलात आहेत. मी गेलो. मंगलाताई, तुम्ही मला चहा दिलात, किती वर्षांनी आलात म्हणालात, आणि औषधं आणायला खाली गेलात. तेवढ्यात मी बोललो.

"काका, ती तक्रार मी केली होती."

"माहीत आहे. कागद दाखवला होता हॉस्पिटलवाल्यांनी. सही वाचता येते मला."

"मग इतकी वर्षं काही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो."

मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, मला माफ करा. मला वाटलं, हा देवमाणूस, डोक्यावर हात ठेवेल आणि मी मोकळा होईन. त्यांनी हात ठेवला नाही. म्हणाले, "माझं काय, तीन महिने घरी बसलो. ते मी कधीच सोडून दिलं. पण हवालदारसाहेबांनी अकरा दिवस वाट बघितली. त्यांच्या वतीने मी कसं माफ करू? तेवढा अधिकार नाही मला."

मग थोडा दम घेऊन त्यांनी मला तो निरोप सांगितला. "आता तो तुमचाच आहे," म्हणाले.

लढाईत अण्णांचा एक जोडीदार जखमी होऊन पडला होता. नाव मी घेत नाही. त्याने पाणी मागितलं. अण्णा म्हणाले, "आलोच," आणि खाली ओढ्यावर गेले. वरून मारा सुरू झाला, माघारीचा हुकूम आला, आणि ते परत वर जाऊ शकले नाहीत. आलोच म्हणालो होतो. हे त्यांनी जन्मभर कोणाला सांगितलं नाही. काकांना सांगितलं, आणि म्हणाले, त्याच्या बायकोला कळायला हवं. मला जाता येणार नाही.

म्हणून काका गेले. माझ्या तक्रारीने घरी बसले होते, ते गाडी पकडून त्या बाईंच्या गावी गेले. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, ते एकटेच पडून होते. पाणी आणायला धावणारं माणूस जवळ होतं, हे आज कळलं. त्यांना सांगा, माझ्या मनात राग नाही. आता झोपा म्हणावं."

हे वाक्य घेऊन काका फाटकावर उभे होते. अण्णा आत, तीन भिंतींपलीकडे. मध्ये मी होतो.

निघताना काका म्हणाले, पलीकडच्या वॉर्डात नाईक हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक फौजी आहेत, त्यांच्याकडे कोणी येत नाही, जमलं तर बसत जा. मी गेलो. नेलकटर घेऊन गेलो. अर्धा तास बसलो, दोन वाक्यं बोललो, आणि मला तिथे गुदमरायला लागलं. पुन्हा गेलेलो नाही. खोटं सांगणार नाही. काकांना जे रोज जमत होतं, ते मला एक दिवस जमलं नाही.

मंगलाताई, हे मी तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. नाही आलो, कारण तुम्ही तुमच्या बाबांच्या लेक आहात. एकटीला सांगितलं असतं, तर तुम्ही पाणी पुढे केलं असतं, जाऊ द्या म्हणाला असतात, आणि ते तिथेच मिटलं असतं. ते इतक्या सहज मिटू नये, म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्हाला राग आला असेल तर तो तुमचा आहे. जाऊ द्या म्हणू नका.

आता आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. गुरवकाकांसाठी.

काका, माझा नमस्कार घ्या. घ्यावासा वाटला तर.