जमेल म्हणालो, त्याची गोष्ट

...आणि वर मलाच विचारतात, एवढा घामाघूम का झालास म्हणून! होणार नाही तर काय? तुम्हाला सांगतो, मी फक्त एक शब्द बोललो होतो. 'जमेल.' तोही जेवताना, तोंडात घास असताना.

आमच्या ताईच्या घरामागे कापड रंगवायचा कारखाना. त्याचं सांडपाणी ओढ्यात, ओढ्यातलं झिरपून विहिरीत, आणि विहिरीतलं ताईच्या बादलीत. आज कारखान्यात कुठला रंग चाललाय, ते ताईला आधी कळायचं, मग मालकाला! भाचीच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले पाणी बदला. ताई म्हणाली, पाणी कुठून बदलू, घरच बदलते, आणि तिनं गाठोडी बांधायला घेतली. अशा वेळी प्रयोगशाळेत पाणी शुद्ध करणाऱ्या सख्ख्या भावानं काय म्हणावं? 'जमेल.'

आमचं यंत्र प्लाझ्माचं. रक्तातला नव्हे हो, हा खुलासा करून करून घसा बसलाय माझा. हवेत जबरदस्त दाबाची वीज सोडायची, हवा जांभळी चमकते, आणि तिच्यातून जे निघतं त्यानं पाण्यातल्या रंगाचे तुकडे तुकडे होतात. जोडीला कॅटॅलिस्ट, म्हणजे पांढरी भुकटी चढवलेले मणी. ते स्वतः जसेच्या तसे राहतात, दुसऱ्यांचं मात्र भराभर उरकून देतात... आमच्या आत्यासारखे. अख्ख्या नात्यातली लग्नं तिनं जमवली, स्वतः बिनलग्नाची.

तर यंत्र ताईच्या अंगणात नेलं. गल्ली जमली. ताईनं कारखान्याच्या मालकालाही हाताला धरून आणलं होतं. काचेच्या नळीत विहिरीचं लालभडक पाणी भरलं, बटण दाबलं... आणि काही नाही. ठिणगी नाही, उजेड नाही, नुसता दगड! प्रयोगशाळेत आम्ही साध्या पाण्यात रंग कालवायचो. इथल्या पाण्यात रंगाबरोबर मीठही ढीगभर, वीज त्यातून गुपचूप निघून जायची, ठिणगी म्हणून पडेना. तारा बदलल्या, मणी धुतले, पुन्हा लावले. मालक शांतपणे म्हणाले, "पाण्यात दोष नाहीच मुळी, तुमच्या विजेत असेल." गल्ली पांगायला लागली. काय सांगू तुम्हाला, मी एकच शब्द बोललो होतो!

भाची माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली, दंड खाजवत. अगदी हळू विचारलं तिनं, "मामा, मग माझी पुस्तकं पण बांधू का?"

बस. डोकंच चालेना. पाणी ओतून टाकावं आणि तोंड काळं करावं म्हणून नळी तिरकी केली, आणि वीज बंद करायलाच विसरलो! काचेला धरलं होतं म्हणून आज तुमच्यापुढे बोलतोय, नाहीतर बाराव्याला भेटलो असतो. पण नळी तिरकी झाल्याबरोबर पाणी पसरून पातळ झालं, वर हवेला जागा मिळाली, आणि तडतड तडतड जांभळा उजेड! अहो, बुडालेली ठिणगी श्वास घ्यायला वर आली! नळी तशीच टेकवून ठेवली. दुपार कलली तसा लाल रंग गुलाबी झाला, मग नाहीसाच. पाणी तपासायला पाठवलं, आणि तोवर नळी पुन्हा पुन्हा भरून बादलीभर साठवलं. प्यायचं अजून नाही, पण अंघोळीला बिनधास्त, असा चार दिवसांनी निकाल आला, आणि मालकांसकट गल्ली पुन्हा अंगणात जमली. ताईनं एक गाठोडं सोडलं, त्यातून टॉवेल काढला आणि भाचीला न्हाऊ घातलं. मग कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली.

मालकांनीही ते पाणी ग्लासात घेऊन उन्हात धरलं, आरपार पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. "वा! एवढं स्वच्छ होतंय तर मग दुसरी पाळी सुरू करायला हरकत नाही!"

म्हणजे ओढ्यात दुप्पट रंग! ताई मात्र डगमगली नाही. "करा की. पण यंत्र तुमच्या गेटाच्या आत बसेल, पाणी तिथूनच साफ होऊन बाहेर पडेल." मालक म्हणाले, "बसवू. चालवणार कोण?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली...

आता दिवसा प्रयोगशाळा, आणि दुसऱ्या पाळीला मी त्याच कारखान्यात नोकरीला.