फळ्यावर झालेल्या नऊ दुरुस्त्यांबाबत

नाव: कागदोपत्री वेगळे, परंतु सर्व जण फळामास्तर म्हणतात. वय: ६४ वर्षे. व्यवसाय: शाळेच्या प्रयोगशाळेतून मुदतीआधी सेवानिवृत्त साहाय्यक, हल्ली राखीव रानाच्या फाटकावरचा फळा लिहितो, विनावेतन. राहणार: फाटकापासून चौथे घर, थोरल्या बहिणीसोबत.

मी आज दि. १३ रोजी सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन ठाण्यात आलो आहे. हवालदार बाईंनी समोर बसवून विचारले, त्यावरून सांगतो ते असे:

राखीव रानात धावण्याच्या तीन वाटा आहेत: तळ्याकाठची, मधली आणि टेकडीची. थंडीत या वाटांचा भरवसा नसतो. काल रबरबीत चिखल होता तिथे आज दगडासारखे घट्ट झालेले असते, आणि वरून भुरभुर बर्फ पडला की खाली काय आहे ते कळत नाही. म्हणून रोज सकाळी सात वाजेपर्यंत फळ्यावर प्रत्येक वाटेपुढे तिची स्थिती लिहायची असते: मोकळी, निसरडी किंवा बंद. धावणारी चाळीसेक मंडळी फळा वाचतात आणि मगच वाट धरतात. हे काम अकरा हिवाळे माझ्याकडे आहे. मी आजारी पडलो तर कोण लिहिते, असे बाईंनी विचारले. मी आजारी पडत नाही.

हे काम गेले तर मला सकाळी उठायला दुसरे कारण नाही. हे वाक्य घेऊ नका, असे मी म्हणालो होतो, पण बाईंनी घेतले आहे.

माझी तक्रार अशी की दि. ३ ते दि. ११ असे सलग नऊ दिवस माझ्या फळ्यात अनोळखी इसमाने ढवळाढवळ केली. दि. ३ रोजी मी तळ्याकाठची वाट 'मोकळी' लिहून सहा वाजून चाळीस मिनिटांनी चहाला घरी गेलो. साडेसातला परत येऊन पाहतो तो 'मोकळी' पुसून तिथे 'लाकडी पुलावर काचेसारखा बर्फ. कठडा धरून चालत जावे' असे लिहिलेले. दि. ५ रोजी मी टेकडीची वाट 'बंद' लिहिली होती. ती 'मोकळी, फक्त शेवटच्या वळणावर बुटांना काटेरी साखळी लावावी' अशी झाली. अक्षर नीटनेटके होते. मजकूर बरोबर होता की नाही, असे बाईंनी विचारले. तो मुद्दा वेगळा आहे.

मंडळी येऊन मला म्हणायची, हल्ली फार बारकाईने लिहिता हो. मी आभार मानत असे. चारचौघांत खुलासा करत बसणे मला बरे दिसले नाही.

काल दि. १२ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास बेकरीवाला तळ्याकाठच्या पुलावर घसरून पडला. हा गृहस्थ भर थंडीत अर्ध्या चड्डीत धावतो, आणि त्याबद्दल मी त्याला पूर्वीही बोललो आहे. त्याचे मनगट मुरगळले असून महिनाभर कणीक मळता येणार नाही. वनरक्षकाने मला त्याच्यासमोर विचारले, की पूल असा असताना वाट 'मोकळी' कशी? मी म्हणालो, फळ्यात कोणीतरी ढवळाढवळ करते, हे त्याचेच काम. वनरक्षक म्हणाला, मग पोलिसांत तक्रार द्या आणि प्रत मला आणून दाखवा, नाहीतर पुढच्या एक तारखेपासून फळा दुसऱ्याकडे जाईल. म्हणून मी आलो आहे.

काल त्या वाटेपुढचे अक्षर कोणाचे होते, असे बाईंनी विचारले.

माझे होते. काल फळा कोणी बदललाच नव्हता.

मग इतके दिवस तुमचेच चुकत होते का, असे बाईंनी विचारल्यावरून सांगतो की, या महिन्याच्या एक तारखेपासून माझा उजवा गुडघा धरला आहे. मी फाटकातून पहिल्या बाकापर्यंत जातो व तिथे बसतो. शेजाऱ्यांच्या गाडीच्या काचेवर दव किती गोठले आहे ते पाहतो, हवा नाकाला कशी लागते ते बघतो आणि अकरा वर्षांच्या अनुभवावरून लिहितो. पूल बाकावरून दिसत नाही. हे मी वनरक्षकाला सांगितले नाही आणि घरीही सांगितले नाही, कारण ताईला कळले असते तर तिने मला खाटेवरून उठू दिले नसते. आज मी तिन्ही वाटा 'बंद' लिहिल्या आहेत. बाई म्हणाल्या की त्याच फळ्यामुळे त्या आज सकाळी धावायला बुटांच्या नाड्या बांधून आल्या तशा परत गेल्या. मी दिलगिरी व्यक्त केली.

घरी आणखी कोण असते, असे विचारल्यावरून सांगतो की, ताई. वय ६९, निवृत्त परिचारिका. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले असून डॉक्टरांनी तिला धावायला सक्त मनाई केली आहे. पूर्वी ती फार धावत असे. तिचे धावण्याचे बूट मी कपाटावर ठेवले आहेत आणि स्टूल माझ्या खोलीत. तिचा दिनक्रम साधा आहे. मी फळा लिहून घरी आलो की ती दूध आणायला जाते. येते तेव्हा आठ वाजलेले असतात. काल तिच्या अंगात कणकण होती, म्हणून दूध मी आणले. मला गुडघ्यासकट बारा मिनिटे लागली.

ताईला सव्वा तास लागतो, हे मी इथे बोटांवर मोजले. बाईंनी पाणी दिले.

तक्रार पुढे चालवायची का, असे त्या विचारत असतानाच, म्हणजे अकरा वाजून वीस मिनिटांनी, ताई स्वतः ठाण्यात आली. तिच्या हातात माझा मफलर आणि गुडघ्याला बांधायचा नवा पट्टा होता. गुडघ्याचे मी घरात काही बोललो नव्हतो. बाईंनी मला विचारले की आरोपी हीच का? मी म्हणालो, अक्षर जुळते.

त्यानंतर आमच्यात जे बोलणे झाले, त्यातले कामापुरते बाईंनी जसेच्या तसे घेतले आहे.

मी म्हणालो, "तुला कळलं कधी?"

ताई म्हणाली, "दोन तारखेला. रानातून आलास आणि बूट कोरडे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी विचारलंस का, ताई दूध कुठल्या गावाहून आणतेस?"

यावर बाई हसल्या. मी हसलो नाही. मी ताईला म्हणालो की खुब्यात धातूचा गोळा घेऊन बर्फावर धावायला तुला लाज वाटायला हवी. ती म्हणाली, धावत नाही, भरभर चालते. त्यावर बाईंनी मध्येच सांगितले की, गेल्या आठवड्यात टेकडीच्या चढावर लाल टोपीतल्या एका आजींनी त्यांना मागे टाकले होते. ताईने डोक्यावरची टोपी काढून पिशवीत टाकली.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "फळा काढून घेतला असता तर तू उशीपासून डोकं उचललं नसतंस. शाळा सुटली त्या वर्षी बघितलंय मी. दुसऱ्यांदा नाही बघवणार मला."

त्या वर्षीचे मला फारसे आठवत नाही. ती रोज सकाळी माझ्या खोलीचा पडदा उघडत असे, एवढे आठवते.

तरी तक्रारीबाबत माझे म्हणणे असे की, मी ती मागे घेत नाही, दुरुस्त करतो. फळा बदलणाऱ्या इसमामुळे कोणी पडले नाही. तो इसम तापाने घरी होता त्या एका दिवशी माणूस पडला. बेकरीवाला माझ्या लिहिण्यामुळे पडला आणि दोष मी दुसऱ्यावर ढकलला. या जबाबाची प्रत वनरक्षकाला द्यावी. फळा ठेवायचा की काढायचा ते त्याने ठरवावे, मी भांडणार नाही. बेकरीवाल्याला मी इथून जाऊन स्वतः सांगणार आहे. त्याच्या चड्डीविषयी आज काही बोलणार नाही.

ताईचे बूट कपाटावरून काढून देण्यास मी तयार आहे. ते आत्ता तिच्या पायांतच आहेत असे बाईंनी दाखवून दिले. वर कोणते आहेत ते घरी जाऊन पाहावे लागेल.

जबाब संपवताना बाईंनी विचारले की, उद्या त्यांना सुट्टी आहे, तर टेकडीची वाट कशी असेल? अकरा हिवाळ्यांत या प्रश्नाचे उत्तर मी उभ्या उभ्या दिले आहे. आज मी 'ताईला विचारून सांगतो' असे उत्तर दिले.

हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. मी बसून, शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितला तसाच उतरला आहे व खरा आहे, म्हणून खाली सही केली.