पेटीवरचे तीन तास

टाळत नाहीये हो सिस्टर, सांगतोच — पण ताईने फिटची गोळी शेवटची कधी घेतली, हे असं एका आकड्यात नाही सांगता येत. बघू नका असं, आकडे हाच माझा धंदा आहे! तिची गोळ्यांची पेटी मीच बनवलीय. झाकण उघडल्याला किती तास झाले ते माझ्या मोबाइलवर दिसतं. आज सकाळी पाहिलं — तीन तास. म्हटलं, वा, वेळेवर घेतली! आणि तासाभरात शेजारच्या काकूंचा फोन — ताई स्वयंपाकघरात पडलीय.

आता माझी हुशारी ऐका. तास मोजायला मी जागा ठेवली दोनशे पंचावन्नपर्यंतची. त्याच्या पुढचा तास झाला की आकडा मावत नाही. मग काय करायचं ते प्रोग्रामरने ठरवायचं — थांबून बोंब मारायची, दोनशे पंचावन्नवरच ठाण मांडायचं, की गुपचूप पुन्हा शून्यावर यायचं. यावर दोन तासांचं लेक्चर देतो मी! नव्या पोरांना दम भरतो — गुपचूप शून्यावर आलात तर याद राखा. आणि स्वतःच्या बहिणीच्या पेटीत काय केलं? गुपचूप शून्य! तशी बारा तास झाले की मोबाइल किंचाळायची सोयही होती — मीटिंगमध्ये दोनदा किंचाळला, काढून टाकली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

गोळी वेळेवर घेतली असती तर पडली कशाला असती? म्हणजे ते तीन तास खरे दोनशे एकोणसाठ. अकरा दिवस. लिहा, अकरा.

थांबा, खोडा ते. आकडा दोनदा फिरला असेल तर? मग एकवीस दिवस होतात. उरलेल्या गोळ्या मोजून? नाही हो, पेटी तुडुंब भरलेली सापडली — भरून ठेवली आणि विसरली, त्यावरून काय कळणार? मधे मोठा आकडा दिसला होता का, म्हणता... दिसायला बघावं लागतं ना. फोनवर काही बोलली का? फोन कशाला करायचा, पेटी आहे ना! — असं मीच म्हणालो तिला, पेटी देताना. ती म्हणाली, "बरं झालं बाबा, आता तुला सारखं 'गोळी घेतलीस का' विचारायला नको." आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. लहानपणी पाढे तिनेच पाठ करून घेतले माझ्याकडून, चुकलो की पुन्हा पहिल्यापासून, न कंटाळता...

डॉक्टर त्याच्यावरच औषध ठरवणार? मग अकरा नको, एकवीसही नको. भावाला माहीत नाही, एवढंच लिहा. लिहिलंत? जा मग तुम्ही, तिच्याजवळ जा.