कुठंही बसून काम होतं!

...आता तुम्हीच सांगा, माझ्या लॅपटॉपचं काय वाईट होतं हो? जड होता, मान्य! नाशिकहून निघालं की बॅटरी घोटी येईपर्यंत मान टाकायची, तेही मान्य! पण उघडून समोर ठेवला की गिऱ्हाईक कसं हातभर लांब, अदबीनं बसायचं! माझा धंदा मॉड्युलर किचनचा, रोज कुणाच्या तरी घरी जाऊन डिझाइनं दाखवायची. तर तो दुकानदार म्हणतो, "शेखरशेठ, टॅबलेट घ्या! पापडासारखा हलका, कुठंही बसून काम होतं!" आमच्या स्नेहललाही पटलं, "घ्या हो, तुमची पाठ तरी थांबेल दुखायची." घेतला! मोबाईलमधले सगळे फोटोसुद्धा त्यात आपोआप आले. मी म्हटलं, वा!

वा कसलं... तुम्हाला सांगतो, ईदच्या दुसऱ्याच दिवशी इगतपुरीला हाजराचाचींकडे गेलो. नवा बंगला, तीन सुना, तीन मजले, तीन किचन! ही ऑर्डर मिळाली की वर्षभर चिंता नाही. "बघा चाची," म्हणून टॅबलेट पुढं केला आणि... गेला हो हातातून! लॅपटॉप कुणी मांडीवर घेत नव्हतं, हा म्हणजे लग्नाचा अल्बमच झाला! चाचींकडून थोरल्या सुनेकडे, तिच्याकडून धाकट्या रिदाकडे, मी आपला सोफ्यामागून मान लांब करून, "वहिनी, ते पांढरं बघा... अहो, तिकडे नको, तिकडे नको!" कोण ऐकतंय? शीरखुर्म्याची बोटं सपासप फिरताहेत! म्हणे कुठंही बसून काम होतं! मला बसायलाच मिळेना!

आणि एकदम रिदा थांबली. "शेखरभाई, ये कौनसा मॉडेल है?"

बघतो तर... आमचंच स्वयंपाकघर! ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा, गळक्या सिंकखाली बादली, फळीवर डब्यांवर डबे! प्लंबरला दाखवायला स्नेहलनं माझ्याच मोबाईलवर काढलेला फोटो! मी म्हटलं, "हे होय... हे एका कस्टमरचं, काम व्हायच्या आधीचं." रिदानं फोटो पुढं सरकवला. बादली उचलून उभा कोण? मी!

सगळं घर खो खो हसतंय! गेली, म्हटलं, ऑर्डर गेली! चाची मात्र हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "शेखरभाई, दुनिया को किचन बेचते, और घरवाली के किचन में साडी का परदा?"

"टाइमच मिळत नाही हो चाची..."

"मिळेल. पहिले तुमच्या घरी नवं किचन बसवा. मग आम्ही सगळे नाशिकला येणार, तिथं चाय पिणार, पसंत पडलं तर तीनही किचन तुमचे!" आणि वर, माझ्याच टॅबलेटवरून, स्नेहलला व्हिडिओ कॉल! ही पलीकडून म्हणते, "चाची, तुम्ही आधी कुठं होता हो?"

झालं! आता घरात सुतार, करवत, भुसा... पंचवटीतलं आमचं घर ते केवढं! म्हणून मी जिन्यात, मांडीवर टॅबलेट घेऊन कोटेशन करत बसलोय. मघाशी स्नेहल वरून चहा घेऊन आली. मला वाटलं, आली बिचारी विचारपूस करायला.

"अहो, जरा भिंतीकडे सरका ना, प्लायवूड वर न्यायचंय. तुमचं काय... कुठंही बसून काम होतं!"

सरकलो! काय करता... होतंय हो काम!